फोटोसकट शिष्यवृत्ती

लातुरात बारावीचा निकाल लागला की चौकाचौकात बांबू उभे राहतात, फलक ताणले जातात आणि सतरा-अठरा वर्षांची पोरं खांबांवरून गावाकडे बघत हसू लागतात. प्रत्येकाच्या गळ्यात टाय असतो. टाय क्लासचा, कोट क्लासचा, आणि क्लासवाल्यांचं ऐकलं तर कोटातलं डोकंही क्लासचंच. एकच पोरगा तीन क्लासच्या फलकांवर तीन वेगळ्या रंगांचे कोट घालून हसताना दिसला तरी गावात कुणाला त्याचं काही वाटत नाही.

ताहेर वकिलाला वाटायचं. पण त्याची अर्धी चूल त्याच धंद्यावर पेटत होती, त्यामुळे तो तोंड उघडायचा नाही.

वकील म्हणजे कोर्टातला नव्हे. गंजगोलाईच्या बाजारपेठेत त्याच्या वडिलांचं पुस्तकं बांधायचं दुकान होतं, त्याच्या माडीवर ताहेरचं ऑफिस. आडत्यांची, कापडवाल्यांची, औषधवाल्यांची इन्कम टॅक्सची रिटर्नं भरून द्यायची, हे काम. गेल्या काही वर्षांत क्लासवाले आले आणि आडत्यांना मागं सारून पुढच्या खुर्च्यांवर बसले. त्यातला सगळ्यांत तालेवार विरूपाक्ष. शाळेत तो ताहेरच्या बाकावर बसायचा आणि गणिताच्या पेपरात ताहेरच्या वहीत मान घालायचा. आता त्याच्या क्लासमध्ये गणिताचेच अर्धा डझन मास्तर होते आणि त्याला सगळे ‘सर’ म्हणत.

साल दोन हजार सात. जुलै नुकताच लागला होता, रिटर्नांची गर्दी सुरू झाली होती, आणि अशात एक बाई जिना चढून वर आल्या. अंगावर अंगणवाडीची साडी, हातात कापडी पिशवी. सगळी गर्दी ओसरेपर्यंत त्या कोपऱ्यातल्या बाकावर बसून राहिल्या. मग पुढं येऊन म्हणाल्या, “मी माउलीची आई. सरस्वतीबाई. रेणापूरची.”

माउली कोण, हे त्या साली लातुरात सांगावं लागत नव्हतं. लातूर बोर्डात पहिला आलेला, मेडिकलच्या सीईटीत वरचा नंबर काढलेला पोरगा. रेणापूर नाक्यावर विरूपाक्षच्या क्लासचा सगळ्यांत मोठा फलक होता, त्यावर तो एकटाच होता. बाकीच्या पोरांना फलकावर दाटीवाटीनं उभं राहावं लागे, माउलीला अख्खा नाका मोकळा.

“बसा, बसा बाई,” ताहेर म्हणाला. “पोरानं नाव काढलं तुमचं.”

“हाव, काढलं,” त्या म्हणाल्या. “पर आता नाव कागदात अडकून राहिलंय.”

गोष्ट अशी होती. माउलीला नांदेडच्या सरकारी मेडिकलला जागा मिळाली होती. सोमवारी जाऊन प्रवेश घ्यायचा. फीमाफी आणि वसतिगृहाची सवलत मिळणार होती, पण त्यासाठी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागत होता. सरस्वतीबाई अंगणवाडीत मदतनीस. त्यांचं मानधन एवढंसं की त्यांना दाखला मिळायला काहीच अडचण नको होती. आलीही नसती, पण जूनमध्ये विरूपाक्षनं टाऊन हॉलात मोठा सत्कार केला होता. टेबलाएवढा पुठ्ठ्याचा चेक माउलीच्या आणि त्याच्या आईच्या हातात देऊन ‘एक लाख रुपयांची शिष्यवृत्ती’ जाहीर केली होती, आणि तो फोटो सगळ्या पेपरांत छापून आला होता.

“तहसीलातले भाऊसाहेब वाईट न्हाईत,” सरस्वतीबाई सांगू लागल्या. “ते म्हनले, बाई, पेपरात एक लाख आलंय, ते मला दिसलंच न्हाई आसं कसं म्हनू? ते पैसे कशाचे हायेत ते क्लासकडून लिहून आना. शिष्यवृत्ती आसंल तर उत्पन्नात धरत न्हाई. कमाई आसंल तर धरावीच लागंल, आन् धरली की माफी गेली. मंग सरांकडं गेले, तर सर म्हनले, कागदाचं सगळं वकीलसाहेबांकडं.”

ताहेरनं पेन खाली ठेवलं. पण बाईंचं अजून संपलं नव्हतं.

“आन् दुसरं इचारायचं व्हतं. चेक लाखाचा म्हनले, आन् बँकेत आला तो कमी आला. धा हजाराच्या वर कापले. शिष्यवृत्तीलाबी टॅक्स आसतो का वो?”

या प्रश्नाचं उत्तर ताहेरला झोपेतसुद्धा देता आलं असतं. आयकर कायद्यात शिष्यवृत्तीसाठी एक कलम आहे, अवघ्या एका ओळीचं. शिक्षणाचा खर्च भागावा म्हणून दिलेली शिष्यवृत्ती करमुक्त. रक्कम लहान असो, मोठी असो. सरकारनं दिलेली असो की एखाद्या शेठजीनं. एवढं सरळ कलम त्या जाडजूड पुस्तकात दुसरं नसेल. टॅक्स नाही, कापाकापी नाही, काही नाही.

मग कापले कुणी? तर ताहेरनंच. दोन वर्षांपूर्वी विरूपाक्ष चहाचा कप घेऊन त्याच्यासमोर बसला होता आणि कुरकुरत होता, की पोरांना एवढे पैसे वाटतो, पण ते खर्चात धरता येत नाहीत, त्यांच्यावर माझाच टॅक्स जातो. ताहेरनं एका मिनिटात तोडगा काढला. त्यांचे फोटो वापरतोस ना? मग शिष्यवृत्ती कशाला लिहितोस? जाहिरात खर्च लिही. एक करारनामा कर, फोटोचा आणि प्रचाराचा मोबदला म्हणून पैसे दे, नियमाप्रमाणे टॅक्स कापून सरकारात भर. स्टेजवर काय म्हणायचं ते म्हण. विरूपाक्षनं त्या दिवशी त्याच्या पाठीवर अशी थाप मारली होती की चहा सांडला. ताहेरही खूश झाला होता. खोटं काहीच नव्हतं त्यात. फोटो खरोखरच वापरले जात होते. कागदाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी माणूस असेल, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यात माउली अठराच्या आत. म्हणून करारावर सही आईची. पैसेही आईच्या नावानं. म्हणजे त्या साली सरकारच्या लेखी सरस्वतीबाई अंगणवाडीतल्या मदतनीस तर होत्याच, शिवाय जाहिरातीचं काम करणाऱ्या कलाकारही होत्या.

“बाई,” ताहेरनं विचारलं, “त्या दिवशी तुम्ही एका कागदावर सही केली. वाचला होता का तो?”

“कवा वाचनार? स्टेजच्या पायरीवर कागद पुढं केला, तिकडं फोटोवाला उभा. मी केली सही.” त्या जरा थांबल्या आणि स्वतःशीच हसल्या. “भूकंपापासून तसलीच सवय लागलीय आमाला. तवा काय, रोज कोनी ना कोनी यायचं. मुंबईचे, परदेशातले. तांदळाचं पोतं देयाचे. पन पोतं लगेच सोडायचे न्हाईत, बरं का. एका अंगानं मी धरलेलं, दुसऱ्या अंगानं तेनी. फोटो निघूस्तोवर तसंच हुभं ऱ्हायाचं. फोटो निघाला की पोतं सोडायचे आन् कागद पुढं करायचे. सही केली की तांदूळ आपला. कागदात काय हाय ते इचारायची बातच नव्हती. मला वाटलं, ह्योबी तसलाच कागद.”

त्यात कुणावर राग नव्हता, रडगाणं नव्हतं. ताहेरनं उठून पंखा वाढवला.

“बरं, मला सांगा. माउलीला सरांनी काही काम सांगितलं का? फोटो सोडून?”

“हाव. क्लासच्या गाडीतून दोनदा गेला. एकदा नायगावला, एकदा बिलोलीला. आईबापांच्या मेळाव्यात बोलायला. टाय बांधून. आनखी उदगीरला न्यायचंय म्हनून राहिलेत.”

झालं. ताहेरनं चष्मा काढून टेबलावर ठेवला. उरलीसुरली पळवाटही बाईंनी स्वतःच बुजवून टाकली होती. मग त्यानं त्यांना सगळं समजावून सांगितलं, सोपं करून, काही न लपवता. शिकायला म्हणून दिले आणि बदल्यात काही मागितलं नाही, तर ती शिष्यवृत्ती. बदल्यात फोटो घेतला, गाडीत घालून भाषणाला नेलं, तर तो कामाचा मोबदला. आणि करार लिहिलाय तो मोबदल्याचा. लिहिलाय मीच, हेही त्यानं सांगितलं.

सरस्वतीबाईंनी ते शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे मजुरीच झाली की.”

“झाली.”

“मंग स्टेजवर शिष्यवृत्ती काहून म्हनले?”

याचं उत्तर ताहेरकडं होतं, पण ते बाईंना सांगण्याजोगं नव्हतं.

“मला उद्यापर्यंत वेळ द्या,” तो म्हणाला. “उद्या माउलीला घेऊन या.”

विरूपाक्षच्या केबिनमध्ये एसी होता, आणि तो एवढा गार ठेवलेला असायचा की भेटायला आलेले पालक प्रवेशाचा अर्ज भरतानाच कुडकुडत. ताहेर आत गेला तेव्हा सर उदगीरच्या मेळाव्याची पत्रिका तपासत होते. पत्रिकेवर मध्यभागी माउली.

“ये, ये ताहेर. काय म्हणतंय तुझं सरकार?”

ताहेरनं सांगितलं. विरूपाक्षनं ऐकलं आणि हात झटकला. “एवढंच? अरे, देऊन टाक तिला पत्र. क्लासच्या लेटरहेडवर शिष्यवृत्ती दिली असं लिही, मी सही करतो. करारनामा आपल्या फायलीत राहू दे. तहसील वेगळी, इन्कम टॅक्स वेगळं. ते दोघं काय रविवारी एकत्र जेवायला बसतात का?”

असले दोन तोंडांचे कागद ताहेरनं आयुष्यात केलेच नव्हते असं नाही. अर्धं लातूर तसंच चालतं, आणि चालतं म्हणूनच ताहेरसारख्यांचं पोट भरतं. बाईंचं काम पाच मिनिटांत झालं असतं. विरूपाक्ष खूश, तहसीलचे भाऊसाहेब खूश. खरं सांगायचं तर तो ‘चालेल’ म्हणणारच होता. शब्द जिभेवर आला होता. तेवढ्यात त्याची नजर खिडकीबाहेर गेली. रस्त्यापलीकडं दुसऱ्या क्लासचा फलक होता. त्यावर माउली नव्हता, आणि नव्हता म्हणून त्या क्लासच्या मालकाची झोप उडाली होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

“विरूपाक्षा, समोरचा तुझ्यावर टपून बसलाय,” तो म्हणाला. “आईनं करार केला, मोबदला घेतला आणि तहसीलला शिष्यवृत्ती सांगितली, हे त्याच्या कानावर जायला कितीसा वेळ लागतो? तुझ्याच क्लासचा कारकून जाऊन सांगेल. तो एक तक्रार ठोकेल. तुझं काय होईल? दंड भरशील, चार दिवस तोंड वाकडं करशील आणि मोकळा होशील. पोराचा मात्र दाखला खोटा ठरेल. प्रवेश रद्द होईल त्याचा. सही आईची आहे, जाब तिला विचारतील.”

“मग काय करू म्हणतोस?”

“एक काय ते ठरव. मजुरी म्हण, नाहीतर शिष्यवृत्ती म्हण. मजुरी म्हणालास तर त्याची फीमाफी जाते. बाई फी आणि खाणावळ कुठून भरणार? आणि जागा मिळूनही पोरगा मेडिकलला गेला नाही, तर काय होईल विचार कर. नाक्यावर एवढा मोठा फोटो आणि पोरगा रेणापुरात घरी बसलेला. लोक तुझ्या फलकाखाली उभे राहून हसतील.”

हे मात्र विरूपाक्षला लागलं. बाकी कशानं न हलणारा माणूस फलकावर कुणी हसेल म्हटल्यावर ताठ झाला. त्यानं पत्रिका बाजूला सारली.

“शिष्यवृत्ती म्हटलं तर?”

“करार रद्द कर. कापलेला टॅक्स अजून सरकारात भरलेला नाही, तो बाईंना देऊन टाक. जाहिरात खर्चातून रक्कम काढ, त्यावर तुझा टॅक्स जाईल तो जाऊ दे. नायगाव आणि बिलोली, दोन दिवसांची मजुरी वेगळी दे, ती रक्कम बाई उत्पन्नात दाखवतील, तेवढ्यानं काही बिघडत नाही. उदगीर बंद. आणि फोटो उतरव.”

“सगळे?”

“सगळे.”

“म्हणजे लाखभर रुपये देऊन पोराचं नावसुद्धा घ्यायचं नाही?”

“यालाच शिष्यवृत्ती म्हणतात, विरूपाक्षा.”

विरूपाक्ष पेपरवेट फिरवत बसला. ताहेरला त्याच्या रागाची भीती वाटत होती. वर्षाची निम्मी मिळकत त्या टेबलापलीकडं बसली होती. पण जुन्या बाकाची ओळख म्हणा, नाहीतर हसू होईल ही धास्ती म्हणा, विरूपाक्षनं मान हलवली. मग एकदम म्हणाला, “नाक्यावरचा तरी ठेवू दे. एक फोटो. त्यानं काय होतंय?”

“एक असो की दहा. बदल्यात घेतलं ते घेतलं.”

“मला काय, मी उतरवीन. पण आधी त्या आईला विचार. तिला आवडणार नाही, बघ. माझा फलकवाला सांगत होता, रोज दुपारी येते ती. रेणापूरच्या गाडीतून नाक्यावर उतरते, समोरच्या टपरीपाशी उभी राहते, बघत बसते आणि परत जाते. चहासुद्धा पीत नाही म्हणे.”

ताहेरला हे माहीत नव्हतं. आईला पोराचं कौतुक असणारच, असं म्हणून त्यानं ते सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी मायलेक आले. माउली फलकावर दिसायचा त्यापेक्षा बराच बारीक होता, आणि टायशिवाय तर अजूनच पोरगेला. ताहेरनं दोघांना काय ठरलं ते सांगितलं. फोटो उतरतील हे ऐकल्याबरोबर माउलीचा चेहरा पडला.

“काका, पण ते पैसे मी कमावलेत,” तो म्हणाला. “पहिला आलो म्हणून मिळाले. फोटोनं काय घोडं मारलंय?”

“बेटा, कमावलेस म्हणशील तर ते उत्पन्नच झालं की.”

पोरगा हुशार होता, त्याला ते तिथल्या तिथं कळलं. कळलं म्हणून आवडलं असं नाही. त्यानं ओठ मुडपले आणि खिडकीकडं तोंड केलं. सतराव्या वर्षी अख्ख्या गावानं मान वर करून आपल्याकडं बघावं आणि महिनाभरात ते काढून घ्यावं, याचं दुःख ताहेरला समजत होतं. त्यानं काही समजूत घातली नाही.

सरस्वतीबाई मात्र पिशवीचे बंद बोटाला गुंडाळायच्या, सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

“बाई, तुमचं काय म्हणणं?”

“नाक्यावरचाबी उतरवायचा?”

“तोही.”

“हं.” मग कुणाकडंही न बघता त्या बोलल्या. “माउलीच्या बापाचा एकबी फोटो न्हाई माज्याकडं. लग्नातला येक व्हता, भिंतीवर लावलेला. भूकंपात तीच भिंत पडली. आमी दोगं म्हायेरी व्हतो, ह्येला ताप आला व्हता म्हनून. ते तिकडं गावात. फोटोवाल्याकडं तरी सापडंल म्हनून गेले, तर तेचं दुकानबी ऱ्हायलं नव्हतं, तो मानूसबी न्हाई. तवापासून काईच न्हाई. पैल्यांदा पैल्यांदा डोळं मिटले की दिसायचे. मंग दिसंनात. दहा वर्सं झाल्यावर तर मला आठवंनाच, नाक कसं व्हतं, कपाळ कसं व्हतं. नवऱ्याचं त्वांड इसरली, हे कुनाला सांगायची सोय हाय का? आन् त्या दिवशी नाक्यावर उतरले न् वर बघितलं. कोट घातलेला, केस बसवलेले. घरात ह्यो असा कवा दिसतच न्हाई, घरात केस इस्कटलेले, मान पुस्तकात. वर बघितलं तर तेच व्हते. माज्या लग्नाच्या टायमाला जसे व्हते, तसेच. मंग रोज दुपारी येऊ लागले.”

माउली आईकडं बघत राहिला. हे त्याला कुणी कधी सांगितलेलं नव्हतं. रोज दुपारी आई लातूरला कशाला जाते, असं त्यानं एकदा विचारलं होतं, तर ती म्हणाली होती, ऑफिसात काम आसतं.

“आई, राहू दे फोटो,” तो म्हणाला. “फी भरू आपण. मामाला मागू. त्या लाखातूनच भरू.”

“लाख किती दिवस पुरंल रे? पाच वर्सं हायेत. मामानं आपल्याला आजवर सांभाळलं, आता तेच्या लेकीचं लगीन आलंय.” त्या ताहेरकडं वळल्या. पदर नीट केला, आणि आवाजही. “साहेब, उतरवा.”

ताहेरला त्या क्षणी आपल्या कायद्याचा, करारनाम्याचा आणि दोन वर्षांपूर्वीच्या त्या हुशारीचा एवढा संताप आला की टेबलावरची फाईल त्यानं उगाचच आपटली. मग गुमान फोन उचलला आणि विरूपाक्षला सांगितलं, माणसं पाठव.

कागद दुपारपर्यंत झाले. करारनामा रद्द केल्याचा कागद झाला, कापलेल्या रकमेचा चेक झाला, दोन दिवसांच्या मजुरीची पावती झाली. बाईंनी पावतीवर सही करायच्या आधी ती माउलीकडून वाचून घेतली, आणि मजुरीची रक्कम दाखल्याच्या अर्जात धरायची असं त्याला दोनदा बजावलं. विरूपाक्षनं शिष्यवृत्तीच्या पत्रावर सही केली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ही रक्कम शिक्षणाच्या खर्चासाठी दिली असून तिच्या बदल्यात क्लासनं कोणतंही काम, फोटो वा प्रचार घेतलेला नाही.

आता शेवटचा फलक खाली आल्याशिवाय हे पत्र खरं होत नव्हतं. ताहेर अशा बाबतीत कमालीचा किरकिरा. पत्र खिशात ठेवून तो मायलेकांबरोबर रेणापूर नाक्यावर आला. विरूपाक्षची माणसं शिडी लावून वर चढली होती. आधी एका बाजूच्या दोऱ्या सुटल्या आणि माउलीचा चेहरा मधून दुमडला. मग दुसऱ्या बाजूच्या सुटल्या, आणि सगळं फडफडत खाली आलं. वर नुसता सांगाडा राहिला.

ताहेरनं पत्र बाईंच्या हातात दिलं. आणि मग, हे आधी का सुचलं नाही असं वाटून, तो फलकवाल्याला म्हणाला, “दादा, तो टाकून नका देऊ. नीट गुंडाळा आणि बाईंना द्या.”

“घेऊन जा की,” फलकवाला म्हणाला. “लोक कडब्यावर झाकायलाच नेतात.”

सरस्वतीबाई पुढं झाल्या. फलक जमिनीवर अंथरलेला होता. जवळून त्यात काही कळत नव्हतं, नुसते रंगाचे ठिपके. त्या चार पावलं मागं आल्या, तेव्हा कपाळ दिसलं, नाक दिसलं. त्या खाली वाकल्या. आता त्या तो उचलणार असं वाटलं, पण हात तिथंच थांबला.

“नगं,” त्या म्हणाल्या.

“का बाई? घ्या ना.”

“फोटोच्या बदल्यात काई घेतलं न्हाई, आसं ह्या पत्रात लिवलंय. मी हे उचलून नेलं, आन् कुनी बघून तहसीलात सांगितलं, फोटोचं काई तरी घेतलंच की म्हनून?”

“अहो, याला कुणी उत्पन्न म्हणत नाही. जुनं कापड आहे हे. आणि फोटो तुमच्या मुलाचा आहे. मी सांगतो ना.”

“तुमी सांगता ते खरंच आसंल, साहेब. पर पैलंबी तुमीच लिवलं व्हतं.”

फलकवाल्यानं फलक गुंडाळला आणि टेम्पोत टाकला. माउली टेम्पोकडं जायला निघाला तर आईनं त्याचा दंड धरला.

“आसू द्या,” त्या ताहेरला म्हणाल्या, उलट त्याचीच समजूत घालावी तसं. “चौदा वर्सं बिनफोटोचीच काढली की. आता तर चार दिवस बघायला मिळाले.”

रेणापूरची गाडी आली. तहसील बंद व्हायच्या आत पोचायचं होतं, म्हणून दोघं घाईनं चढली. सरस्वतीबाईंना खिडकीची जागा मिळाली. पत्र त्यांनी पिशवीत टाकलं नव्हतं, दोन्ही हातांत धरलं होतं. गाडी निघाली तेव्हा त्या वर सांगाड्याकडं बघत नव्हत्या; शेजारी बसलेल्या माउलीकडं बघत होत्या, आणि तो आईला नीट दिसावं म्हणून कपाळावरचे केस हातानं मागं सारत होता. ताहेर नाक्यावर उभा राहून भर रस्त्यात रडला.